सर्बियातल्या लग्नाला जाताना: वऱ्हाडींचे नेहमीचे प्रश्न

मुलीने, भाच्याने किंवा ऑफिसातल्या मित्राने सर्बियात लग्न ठरवलं, पत्रिका आली, आणि घरात प्रश्नांची रांग लागली. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिथल्या लग्नात पाहुणा खुर्चीवर बसून अक्षता टाकण्यापुरता नसतो. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्याकडून काही ना काही अपेक्षित असतं: कधी सुट्टे पैसे, कधी दोन तास उभं राहणं, कधी पेला उचलणं. त्यासाठी तयारीने गेलात तर मजा येईल. नाहीतर दुपारी चारलाच हॉटेल आठवेल.

व्हिसा लागतो का? पूर्वी लागत नव्हता ना?

बरोबर. 2017 पासून भारतीय पासपोर्टवर 30 दिवस व्हिसाशिवाय जाता येत होतं. 1 जानेवारी 2023 पासून ती सवलत संपली. जुन्या प्रवासवर्णनांवर आणि ‘आम्ही तर तसेच गेलो होतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांवर विसंबू नका.

आता दोन वाटा आहेत. तुमच्याकडे शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक), ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा तिथला निवास परवाना असेल, तर त्यावर सर्बियात जाता येतं. 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. मात्र तो व्हिसा तुमच्या संपूर्ण मुक्कामात चालू असायला हवा. लग्न रविवारी आणि व्हिसा शनिवारी संपत असेल तर काही उपयोग नाही. असा कोणताच व्हिसा नसेल तर सर्बियाच्या दिल्लीतल्या दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. लग्नासाठी ‘खासगी भेट’ हा प्रकार निवडायचा. त्यासाठी यजमानाने सर्बियात रीतसर प्रमाणित करून घेतलेलं निमंत्रण आणि हमीपत्र लागतं. छापील लग्नपत्रिका सोबत जोडा, पण ती या पत्राची जागा घेत नाही. अर्ज इथेच अडकतात, कारण यजमान लग्नाच्या धावपळीत असतो आणि त्याला हे काम क्षुल्लक वाटतं. लग्नाच्या तीन महिने आधी त्याच्या मागे लागा आणि मूळ कागद कुरियरने मागवा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून एकदा खात्री करून घ्या.

सर्बिया युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही नाही. त्यामुळे सर्बियाच्या व्हिसावर व्हिएन्ना किंवा बुडापेस्ट फिरून येता येत नाही. तसंच कोसोव्होमार्गे सर्बियात शिरायचा बेत करू नका, सीमेवरून परत पाठवतात.

विमान कुठून घ्यावं?

इस्तंबूल, दुबई किंवा दोहा मार्गे बेलग्रेड. युरोपातल्या शहरातून जाणार असाल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. दोन वेगळी तिकिटं असली की मध्ये बाहेर पडून सामान उचलावं लागतं, आणि बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो.

बेलग्रेडच्या निकोला टेस्ला विमानतळावर बाहेर पडण्याआधीच टॅक्सीची खिडकी आहे. तिथे जायचं ठिकाण सांगितलं की ठरलेल्या भाड्याची चिठ्ठी छापून मिळते. ती घेऊनच रांगेतल्या टॅक्सीत बसा. दारात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत येणाऱ्यांकडे पाहू नका.

लग्न नेमकं त्याच तारखेला का? मे महिन्यात सुट्टीत ठेवलं असतं तर?

आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नसतात, तसंच सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासाच्या काळात लग्न लावत नाहीत. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, जूनच्या सुमारास सुरू होऊन 11 जुलैपर्यंत चालणारा उपास, 14 ते 27 ऑगस्ट, आणि 28 नोव्हेंबर ते 6 जानेवारी हे चार मोठे उपास. त्यांचं चर्च जुन्या ज्युलियन पंचांगावर चालतं, म्हणून त्यांचा नाताळ 7 जानेवारीला असतो आणि ईस्टरही बहुतेक वर्षी इतरांपेक्षा उशिरा येतो. उरलेल्या दिवसांतले शनिवार-रविवार मग धरून ठेवले जातात. चांगली सभागृहं वर्षभर आधी भरतात. यजमानाला तारीख बदलायला सांगू नका, त्याच्या हातात ती फारशी नसते.

कूम म्हणजे कोण? सगळे त्याच्याच भोवती का असतात?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण मानपान इथूनच सुरू होतो. कूम म्हणजे लग्नाचा साक्षीदार. पण आपल्या समजुतीतल्या सहीपुरत्या साक्षीदाराशी त्याची तुलना करू नका. हे नातं रक्ताच्या नात्याइतकं मानलं जातं. पुढे या जोडप्याच्या मुलांच्या बाप्तिस्म्यालाही साक्षीदार बहुतेकदा त्याच घरातला असतो, आणि दोन घरांतलं कूमपण पिढ्यान् पिढ्या चालतं. अनेक घरांत लग्नातला बराच खर्च कूम उचलतो. बाई असेल तर कूमा. त्याच्याशी वाद घालू नये, आणि त्याने पुढे केलेला पेला निदान ओठाला तरी लावावा.

दुसरा साक्षीदार स्तारी स्वात, म्हणजे ‘थोरला वऱ्हाडी’. तो बहुतेकदा मामाकडचा असतो. मग देवेर, म्हणजे नवरदेवाचा भाऊ. दिवसभर नवरीची जबाबदारी त्याच्यावर असते. हा शब्द ऐकून कान टवकारले असतील तर बरोबरच आहे: आपला दीर आणि त्यांचा देवेर एकाच मुळातले. सून म्हणजे स्नाहा (बोलताना स्नाया), आणि सासऱ्याला स्वेकार. जेवणाच्या टेबलावर हे सांगून बघा, अनोळखी मंडळी खुर्च्या जवळ ओढतील.

झेंडा घेऊन पुढे चालणारा बार्याक्तार. सगळ्या पाहुण्यांना मिळून स्वातोवी म्हणतात, म्हणजे तुम्हीही त्यात आलात.

अडचण आली तर नवरा-नवरीला गाठू नका. देवेरला किंवा कूमला विचारा.

दिवस कसा जातो? केव्हा काय असतं?

घरोघरी फरक असतो. साधारण असं धरा:

सकाळी नऊ-दहाला नवरदेवाच्या घरी जमायचं. तिथे राकिया (फळांची कडक दारू), कॉफी, फराळ आणि वाजंत्री. अकरा-बाराला गाड्यांची वरात नवरीच्या घरी. तिथून एक-दोनच्या सुमारास चर्च. मग फोटो. चार-पाचला सभागृह, आणि तिथून मध्यरात्रीपर्यंत किंवा त्यापुढे. नोंदणी अधिकाऱ्यासमोरचं कायदेशीर लग्न कधी नगरपालिकेत होतं, कधी सभागृहातच.

म्हणजे 14 तास. मधल्या फोटोच्या वेळात हॉटेलवर जाऊन पाय वर करून पडा, कोणी काही म्हणत नाही. वरातीत स्वतः गाडी चालवू नका. गाड्या हॉर्न वाजवत एकमेकींना चिकटून धावतात, आणि अनेक ठिकाणी आल्या वाटेने परतायचं नाही असा संकेत असल्याने नकाशावर भलतेच रस्ते येतात. शिवाय चालकासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला 0.2 ग्रॅम आहे. सकाळच्या एका पेल्यानेही ती ओलांडू शकते.

घरी गेल्यावर वाटीत जॅमसारखं काहीतरी आणि पाणी दिलं. काय करायचं?

ते स्लात्को, साखरेच्या पाकात शिजवलेली अख्खी फळं. आपल्या गूळ-पाण्याचाच प्रकार. एक चमचा खायचा, त्यावर पाणी प्यायचं, आणि वापरलेला चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवायचा. वाटी संपवायची नसते, ती सगळ्यांची असते. फसगत नेहमी इथेच होते.

नवरीच्या दारात बंदूक निघते असं ऐकलं. खरं आहे का?

गावाकडे, खास करून मध्य सर्बियातल्या शुमादिया भागात, हो. नवरीच्या अंगणात उंच काठीवर किंवा झाडाच्या शेंड्याला सफरचंद टांगतात. वराकडच्यांनी ते गोळी घालून पाडल्याशिवाय आत प्रवेश नाही. दहा-पंधरा गोळ्या सहज जातात, कारण नेम धरणाऱ्याने सकाळपासून राकिया घेतलेली असते. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणं कायद्याने गुन्हा आहे, तरी ते पुरतं थांबलेलं नाही. तुम्ही नेमबाजाच्या मागे, भिंतीच्या आडोशाला उभे राहा आणि मुलांना घरात ठेवा. चांगल्या फोटोच्या नादात काठीखाली जाऊ नका. बेलग्रेडमधल्या लग्नांत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

‘नवरी विकत घेणं’ म्हणजे काय? ऐकायला बरं वाटत नाही.

पूर्ण थट्टेचा मामला आहे. नवरीचा भाऊ दार अडवून बसतो, देवेर किंवा कूम भाव करतो. आधी एखाद्या आजीला किंवा मिशीवाल्या काकांना बुरखा घालून ‘ही घ्या नवरी’ म्हणून पुढे करतात. नोटा कधी ताटात, कधी नवरीच्या बुटात पडतात. आपली कानपिळी आणि जोडे पळवणं एकत्र केलं की हेच होतं. रात्री सभागृहात नवरीचा बूट चोरीला गेला, तर तो सोडवायचा खर्चही कूमचा.

तुम्ही वराकडचे असाल तर घासाघीस करताना आरडाओरडा करा, शांत उभे राहिलात तर रंग जातो.

चर्चमध्ये कसं वागायचं? आम्ही हिंदू आहोत, आत चालेल ना?

चालेल. फक्त उभं राहायची तयारी हवी. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाकं नसतात. भिंतीलगत चार-दोन खुर्च्या असतात, त्या वयस्करांसाठी. विधी 30 ते 45 मिनिटांचा. लग्नविधीला वेंचान्ये म्हणतात, म्हणजे मुकुट घालणं, आणि तेच मुख्य दृश्य: दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवतात, हात वस्त्राने बांधतात, एकाच पेल्यातून वाइन देतात, आणि पुजारी त्यांना मध्ये ठेवलेल्या छोट्या टेबलाभोवती तीन वेळा फिरवतो. मागून हातात मेणबत्त्या घेऊन कूम आणि स्तारी स्वात. सात नाहीत, तीनच फेरे, पण आपल्या माणसांना काय चाललंय ते लगेच उमगतं.

पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं, फेटासुद्धा बाहेर. खिशात हात नको. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. क्रॉसची खूण सगळे करतील, तुम्ही करायची गरज नाही. नुसते शांत उभे राहा.

एक चूक मात्र टाळा. दाराजवळ मेणबत्त्या लावायची जागा दोन पातळ्यांवर असते. वरची जिवंत माणसांसाठी, खालची मृतांसाठी. जोडप्याला शुभेच्छा म्हणून मेणबत्ती लावायची तर ती वर. खाली लावलीत तर कोणीतरी आजीबाई ती मुकाट्याने उचलून वर ठेवतील, पण त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झालेला असेल.

बाहेर पडताना मुलं ‘कूमे, इझ्गोरे ती केसा!’ असं ओरडतात. म्हणजे ‘कूम, तुझी थैली जळतेय!’ मग कूम नाणी उधळतो. मुलं तुटून पडतात, तेव्हा साडीचा घोळ सांभाळून बाजूला व्हा.

मी कूम किंवा साक्षीदार होऊ शकतो का?

चर्चमध्ये नाही, त्यासाठी ऑर्थोडॉक्स असावं लागतं. नोंदणी लग्नाला साक्षीदार होता येतं, पण सर्बियन येत नसेल तर न्यायालयमान्य दुभाषा हजर लागतो. त्याची व्यवस्था आधीच करावी लागते, आदल्या दिवशी सुचून चालत नाही.

कपडे काय घालायचे? साडी चालेल?

चालेल म्हणजे काय, तुमच्याबरोबर फोटो काढायला रांग लागेल. पांढरा, मोतिया हे रंग नवरीचे, ते सोडा. बिनबाह्यांचं ब्लाउज असेल तर चर्चमध्ये पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या. नाच गोलात आणि जलद असतो, त्यामुळे पाचवारीच्या निऱ्या पायात येतात. नऊवारी नेसता येत असेल तर खरोखर तीच सोयीची. सपाट, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांवर जातो आणि चर्चमध्ये पंखा नसतो, म्हणून भरजरी शालू रात्रीसाठी ठेवा.

नवरीच्या किंवा नवरदेवाच्या घरी शिरताना एक मुलगी तुमच्या छातीवर रोजमेरीची काडी किंवा रिबिनीचं फूल टाचते. बदल्यात तिच्या ताटात नोट ठेवायची. टाचणी जाड असते आणि रेशमाला भोक पडतं. पदर खांद्यावर जिथे आधीच पिन केलाय तिथे, ब्लाउजसकट लावून घ्या. ते फूल दिवसभर काढायचं नाही. ‘हा वऱ्हाडी’ अशी ती ओळख असते.

आहेर किती आणि कसा?

रोख, पाकिटात, सभागृहात. पाकिटावर नाव लिहा, कारण दोनशे माणसांत कोणतं कोणाचं हे नंतर कळत नाही. तिथले लोक आपसात ‘खुर्ची कितीला पडली’ असं विचारतात, म्हणजे एका पाहुण्याचा जेवणाचा खर्च. आहेर त्याहून कमी असू नये हा अलिखित हिशेब. मित्र किंवा सहकारी असाल तर माणशी 50 ते 100 युरो ठीक, सख्खे असाल तर वर जा. युरो सर्रास चालतात. वर एक रुपयाचं नाणं चिकटवायचं असेल तर जरूर चिकटवा, फक्त अर्थ समजावून सांगा, नाहीतर चुकून पडलंय असं वाटतं.

भांडी, देवाच्या मूर्ती, मोठ्या फ्रेम नेऊ नका. पैठणीची ओढणी किंवा चांदीची छोटी वाटी आवडते. फुलं नेलीत तर संख्या विषम ठेवा. सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात.

आहेराशिवाय किती रोकड जवळ ठेवावी?

लोक इथेच अडकतात. पाकीट तयार असतं, पण सुट्टे नसतात. रोजमेरीच्या ताटात, नवरीच्या बुटात, आणि सगळ्यांत जास्त वाजंत्र्यांना नोटा लागतात. तुतारीवाले टेबलाशी येऊन तुमच्या कानाशी वाजवू लागले की नोट द्यावीच लागते. ती वाजवणाऱ्याच्या कपाळाला चिकटवतात किंवा वाद्यात खोचतात. नोट मिळेपर्यंत ते हलत नाहीत, आणि मिळाली की आणखी जोरात वाजवतात. उत्तरेकडच्या वोइवोदिना प्रांतातल्या काही लग्नांत मध्यरात्री नवरीबरोबर एक गिरकी घ्यायलाही पैसे टाकावे लागतात.

एका युरोला साधारण 117 दिनार मिळतात. 500 दिनारच्या दहा-बारा नोटा आणि 1000 च्या तीन-चार नोटा आतल्या खिशात असू द्या. बदलून घ्यायला मेन्याच्नित्सा असं लिहिलेली दुकानं गल्लोगल्ली आहेत. युरो घेऊन जा, रुपये तिथे बदलत बसू नका.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

आधी सांगितलंत तर नाही. लग्नाचं जेवण म्हणजे मांसाचा उत्सव: आधी प्रशुता म्हणजे वाळवलेलं मांस, चीज आणि कायमाक म्हणजे दुधाची घट्ट साय, मग चोरबा नावाचं सूप, कोबीच्या पानात खिमा भरलेली सार्मा, आणि शेवटी डुकराचं किंवा कोकराचं भाजलेलं मांस. ‘लग्नाचा कोबी’ म्हणून जी भाजी येते, तिच्यातही मांस तासन् तास शिजलेलं असतं. ‘रशियन सॅलड’ वरून निरुपद्रवी दिसतं, आत हॅम आणि अंडं.

सगळ्यांत उपयोगी शब्द पोस्नो, म्हणजे उपासाचं. त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं, पण मासे चालतात. त्यामुळे नुसतं ‘पोस्नो’ म्हणालात तर ताटात मासा येऊ शकतो. यजमानाकडून स्वयंपाक्याला हे वाक्य पाठवा: ‘ने येदेम मेसो, रिबू नी याया’, म्हणजे मांस, मासे आणि अंडी खात नाही. शिवाय स्विन्यस्का मास्त, म्हणजे डुकराची चरबी, नको हे वेगळं सांगा. तिला ‘मांस’ समजत नाहीत आणि फोडणीला ती सहज पडते.

निर्धास्त मागावं असं: प्रेब्रानात्स म्हणजे कांद्यात भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया, आय्वार म्हणजे भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची चटणी, शोप्स्का सॅलड म्हणजे टोमॅटो, काकडी आणि चीज, आणि भाजलेल्या भाज्या. चिवडा, खाकरा, लसणीची चटणी पर्समध्ये असू द्या. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

राकिया नको कशी म्हणायची?

आलुबुखाराची राकिया म्हणजे श्ल्यिवोवित्सा, नाव त्या फळावरूनच पडलेलं. वाइन समजून पिऊ नका, तिच्यात 40 ते 50 टक्के अल्कोहोल असतं. जर्दाळूची, क्विन्सचीही असते. श्ल्यिवोवित्साची परंपरा 2022 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा नकार देणं म्हणजे वारशाचा अपमान असं तुम्हाला हसत हसत ऐकवलं जाईल.

पिणाऱ्यांसाठी: पेला उचलून समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ‘झिवेली!’ म्हणा. घोट घोट घ्या, एका दमात घशात ओतू नका. रिकामा पेला लगेच भरला जातो, भरलेला कोणी भरत नाही. म्हणून पेला भरलेलाच ठेवा.

न पिणाऱ्यांनी सकाळी पहिल्याच पेल्याला ‘ने पियेम आल्कोहोल’ म्हणावं. एकदा घेऊन दुसऱ्यांदा नकार दिलात तर कोणी ऐकणार नाही. फारच आग्रह झाला तर ‘पियेम आंतिबियोतिके’, अँटिबायोटिक चालू आहेत. यावर वाद होत नाही.

कोलो नाचता येत नाही. बसून राहिलं तर?

बसू देणार नाहीत. कोलो म्हणजे हातात हात धरून अर्धगोलात करायचा नाच, 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला. साधा प्रकार असा: उजवीकडे दोन पावलं, मग जागेवर तीन वेळा तीन-तीन बारीक पावलं, आणि तेवढंच डावीकडे. वरचं शरीर ताठ, सगळं काम पायांचं. साखळीच्या पुढच्या टोकाला नाचाचा म्होरक्या असतो, त्याच्या पुढे किंवा लगेच शेजारी शिरू नका. मागच्या टोकाला जोडून घ्या किंवा मधे दोघांना हसून विचारा. जोडप्याच्या मधे घुसू नका. पावलं चुकली तर चालतं, उलट दिशेने गेलात तर सगळी साखळी अडखळते.

दक्षिणेत निश, व्रान्ये भागात आणि पश्चिमेत गुचाच्या परिसरात पितळी तुताऱ्यांचे ताफे असतात, उत्तरेत तंबुराच्या जातीची तंतुवाद्यं. तुताऱ्या बंद हॉलमध्ये कानठळ्या बसवतात. लहान बाळ आणि आजी-आजोबांसाठी कानात घालायचे फोमचे बोळे न्या आणि वाजंत्र्यांपासून लांबचं टेबल मागून घ्या. हॉलमध्ये सिगारेटचा धूरही असतो. दम्याचा त्रास असेल तर पंप खिशात.

उच्चार जमतील का?

इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा तुम्हाला सोपे. मराठीतले दोन्ही ‘च’ सर्बियनमध्येही आहेत. त्स्र्क्वा, म्हणजे चर्च, यातला पहिला आवाज ‘चमचा’ शब्दातला पहिला च; चोरबामधला ‘चहा’तला च. जोडप्याला ‘चेस्तिताम!’, म्हणजे अभिनंदन. आभाराला ‘ह्वाला’. भेटताना गालाला गाल तीन वेळा लावतात, दोन वेळा करून मागे सरकलात तर समोरचा हवेत राहतो. नकोसं वाटत असेल तर आधीच हात जोडून नमस्कार करा.

हॉटेलऐवजी नवरदेवाच्या मावशीकडे राहिलो तर काही कागदपत्रं लागतात का?

हो. परदेशी पाहुण्याची राहण्याची नोंद 24 तासांत व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं. घरी राहिलात तर यजमानाने करायची असते. मिळणाऱ्या कागदाला बोलीत ‘पांढरं कार्ड’ म्हणतात. मावशी ‘काही गरज नाही’ म्हणेल, तरी आग्रह धरा. घरात शिरताना चपला काढायच्या, सपाता मिळतात.

आपले दोन गोल पिनांचे चार्जर बसतात, तीन पिनांचे नाही. युरोपीय संघाच्या सिमवरचं स्वस्त रोमिंग इथे लागू नसतं, म्हणून स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्या.

निघताना घरची राकिया दिली. विमानात नेता येईल का?

ती बहुधा पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत, लेबलाशिवाय असते. विमानात 24 ते 70 टक्क्यांची दारू मोठ्या सामानात माणशी 5 लिटरपर्यंत चालते, पण दुकानातल्या मूळ बंद बाटलीत असेल तरच. घरची बाटली तपासणीत निघाली तर काढून ठेवतात. हातातल्या सामानात तर प्रश्नच नाही. भारतात उतरताना माणशी 2 लिटरपर्यंत शुल्क नाही. बाटली मनापासून दिलेली असते, तेव्हा नाही म्हणू नका. आदल्या रात्री हॉटेलात मित्रांबरोबर संपवा, आणि न्यायला विमानतळावरून एक बंद बाटली घ्या.